चित्र शिकायचं वय



गेल्या महिन्यात केंद्राच्या बैठकीत एका साध्या विषयावरून चांगलीच खडाजंगी झाली. विषय होता, केंद्राची मागची खोली आठवड्यातून एक दुपार चित्रकलेच्या वर्गाला द्यायची की नाही. मागणी वस्तीतल्या बायकांचीच होती. बहुतेक जणी घरकाम करणाऱ्या, दोघी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, एक निवृत्त नर्सबाई. वयं पस्तीसपासून सदुसष्टपर्यंत. त्यांनी गुरुवार मागितला होता, आणि गुरुवार हा आपला समुपदेशनाचा दिवस. "नवऱ्यानं मारून घराबाहेर काढलेली बाई बाहेरच्या बाकावर बसणार आणि आत आपण फुलं रंगवणार का?" असं आमच्या एका ज्येष्ठ मैत्रिणीनं विचारलं. तिच्या आवाजात राग होता, आणि तो राग खोटा नव्हता. तीस वर्षं तिनं पोलीस चौकीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत.

त्यावर मागणी करणाऱ्यांपैकी एक बाई, चार घरची धुणीभांडी करणारी, हळूच म्हणाली, "ताई, मी पण त्या बाकावर बसून गेलेली आहे. आता मला आत यायचंय."

बैठक तिथंच थांबली नाही, पुढं तासभर चालली. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण या विषयात माझं स्वतःचं एक जुनं येणं आहे, आणि एक जुनं देणंही.

आधी येण्याविषयी. शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. महाराष्ट्रातल्या किती मुलींनी त्या दिल्या असतील! स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, आणि टेबलावर मांडलेला तांब्या नि दोन कांदे. बी श्रेणी मिळाली. मग दहावीचं वर्ष आलं आणि रंगाची पेटी माळ्यावर गेली. पुढं तिचा उपयोग भावाच्या प्रयोगवहीचे मथळे रंगवायला झाला, नंतर मुलांच्या. कुणी मला 'चित्र काढू नकोस' म्हटलं नाही. तसं म्हणावंच लागलं नाही. तुमच्यातल्या अनेकींची पेटी अशीच कुठल्या तरी माळ्यावर असेल. ज्यांच्या हातात शाळेनं कधी रंगच दिला नाही त्यांच्याकडे तर माळ्यावर टाकायलाही काही नव्हतं. त्यांनी दारापुढं रांगोळी काढली आणि संध्याकाळपर्यंत ती तुडवली गेली. गोधडीवर टाके घातले, भिंती सारवून त्यावर बोटं उमटवली. ते सगळं कामात जमा झालं.

लिंडा नॉक्लिन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1971 साली एका लेखात प्रश्न विचारला होता की थोर स्त्री चित्रकार का झाल्या नाहीत. त्यांचं उत्तर असं की प्रतिभा बाईकडे कमी नव्हती. शिकायची जागा तिला बंद होती. युरोपातल्या कलाशाळांत माणसाचं शरीर समोर बसवून अभ्यास करायला बायकांना शतकानुशतकं मज्जाव होता, आणि त्या अभ्यासाशिवाय मोठं चित्र कुणाला करताच येत नव्हतं. म्हणजे प्रश्न खोलीचाच आहे. कुणाला आत घेतलं आणि कुणाला बाकावर बसवलं, याचा.

आता देण्याविषयी. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण लिहिते. पूर्वी आठ मार्चच्या आधी आपण पोस्टर करायला बसायचो. घोषणा आम्ही कार्यकर्त्या पेन्सिलीनं आखून द्यायचो आणि वस्तीतल्या बायका त्यात रंग भरायच्या. उगवता सूर्य, तुटलेली साखळी, आवळलेली मूठ. एका वर्षी एका बाईनं पोस्टरच्या कोपऱ्यात आपल्या मनानं एक बाई काढली. डोक्यावर हंडा, काखेत पोर आणि नाक हे एवढं मोठं, सगळ्या चेहऱ्यावर पसरलेलं. मी तिच्या हातातला ब्रश घेतला आणि ते नाक सरळ केलं. चांगल्या मनानं केलं. ती काही बोलली नाही. पोस्टर मोर्चात गेलं, फोटोतही आलं. पण त्यानंतर ती पोस्टर करायला बसली नाही. विचारलं तर म्हणायची, "मला येत नाही, तुम्हीच करा." पुढं खूप वर्षांनी तिनं सांगितलं की ते नाक तिच्या सासूचं होतं.

म्हणून या अंकाच्या निमित्तानं मला मोठ्या वयात चित्र शिकलेल्या काही बायकांविषयी, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्यांविषयी बोलायचं आहे. शिकवणारे तिथं काय करत होते आणि त्यांनी कुठं हात आवरला, हे मला समजून घ्यायचं होतं.

बिहारमधल्या मधुबनी जिल्ह्यात रांटी नावाचं गाव आहे. तिथली दुलारीदेवी ही मल्लाह, म्हणजे मासेमारी करणाऱ्या जातीची. कोवळ्या वयात लग्न, तान्ही मुलगी दगावली, माहेरी परतली ती कायमची. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पोटासाठी तिनं महासुंदरीदेवी आणि कर्पूरीदेवी या गावातल्या नावाजलेल्या चित्रकार बायकांच्या घरी झाडलोट, भांडी धरली. काम करता करता ती बघायची. रेघ दुहेरी कशी ओढतात, मधली जागा कशी भरतात. घरी जाऊन काटकीनं मातीवर काढायची. एक दिवस धीर करून मलाही शिकवा म्हणाली, आणि त्या दोघींनी तिला शिकवलं. आरंभी तिनं त्यांच्यासारखंच काढलं. नंतर हळूहळू तिच्या कागदावर मासे आले, जाळी आली, शेतात राबणाऱ्या बायका आल्या. त्या चित्रांतून तिनं स्वतःची गोष्ट सांगितली आणि तिचं पुस्तक झालं. 2021 साली तिला पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट आपण ऐकतो तेव्हा डोळे भरून येतात आणि आपण तिथंच थांबतो. मला थोडं पुढं जावंसं वाटतं. शिकवणाऱ्या कायस्थ घरच्या, शिकणारी मल्लाह. शिकवणारी मालकीण आणि शिकणारी मोलकरीण. गुरू आणि मालक एकच असतील तर शिकणारीनं नाही कधी म्हणायचं? रेघ चुकली म्हणून आणि भांडं नीट घासलं नाही म्हणून बोलणं एकाच तोंडातून येतं तेव्हा? त्या घरात हे कसं निभावलं गेलं ते त्याच जाणोत, आणि निभावलं गेलं हे दुलारीदेवीच्या कृतज्ञतेवरून दिसतंच. पण आपल्या वस्तीतल्या ज्या बायका चांगल्या चांगल्या घरी काम करतात, त्यांच्या मालकिणींपैकी किती जणींनी आपल्या कपाटातला एखादा ब्रश मोलकरणीच्या हातात दिला आहे? मी स्वतः दिलेला नाही.

मिथिलेतल्या या चित्रांचा प्रवासही ध्यानात घेण्यासारखा आहे, कारण त्याला एक मराठी धागा आहे. लग्नघराच्या भिंतीवर, कोहबरात, बायका पिढ्यान्‌पिढ्या ही चित्रं काढत आल्या. 1934च्या भूकंपात घरं पडली तेव्हा विल्यम आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याला पडझडीत ती दिसली आणि बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता लागला. पण कागदावर ती आली 1966-67च्या दुष्काळात. बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तिकडे धाडलं. कुलकर्णी गावोगाव हिंडले, कागद वाटले, भिंतीवर काढता तेच यावर काढा म्हणाले. सीतादेवी, जगदंबादेवी, गंगादेवी अशा प्रौढ वयाच्या बायका कागदावर काढू लागल्या. त्यांना चित्र कुणी शिकवलं नाही, ते त्यांना आयांनी नि आज्यांनी शिकवलेलं होतंच. बाहेरून आलेल्या माणसानं एवढंच केलं की कागद दिला, पैसे दिले आणि नीट बघितलं. हे थोडं नाही. भिंतीवरचं चित्र पुढच्या सारवणात जातं. कागदावरचं विकता येतं, त्यावर नाव लिहिता येतं.

गंगादेवीचं उदाहरण मला नेहमी अस्वस्थ करतं. नवऱ्यानं दुसरी बायको आणली आणि तिचं घरातलं स्थान गेलं. त्यानंतर तिनं जे काढलं त्यात 'मानव जीवन' ही बाईच्या जन्मापासूनची चित्रमालिका आहे. पुढं कर्करोग झाला, दिल्लीच्या एम्समध्ये उपचार झाले, तर तिनं इस्पितळ काढलं. खाट, सलाईन, डॉक्टर, गळून गेलेले केस, सगळं त्याच कोहबरच्या बारीक रेघेत. हे काढायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. 1984 साली पद्मश्री, 1991 साली मृत्यू. दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात तिनं रंगवलेली कोहबरची खोली होती, ती 2015च्या सुमारास नूतनीकरणात पाडली गेली. भिंतीचं शेवटी भिंतीसारखंच झालं, राजधानीत असूनसुद्धा.

आणि त्याच मिथिलेत दुसाध या दलित जातीतल्या बायकांचं वेगळं. 1970च्या दशकात एरिका मोझर या जर्मन अभ्यासक बाईंनी त्यांनाही कागदावर काढा म्हटलं. वरच्या जातींचे देव, वरच्या जातींची शैली घ्यायची तर टोकणारे होते. तेव्हा चानोदेवी आणि इतर जणींनी आपल्या अंगावरच्या गोंदणाकडे पाहिलं आणि त्यातून स्वतःची रेघ काढली. आपल्याकडे म्हाताऱ्या बायकांच्या हातांवर, कपाळावर अजून गोंदण दिसतं. आपण कधी तिकडे चित्र म्हणून पाहिलं आहे?

हेच भास्कर कुलकर्णी नंतर आपल्या ठाणे जिल्ह्यात, डहाणूच्या वारली पाड्यांवर आले. (तो भाग 2014पासून पालघर जिल्ह्यात आहे.) वारल्यांमध्ये लग्नाचा चौक तांदळाच्या पिठानं लिहायचा मान सवाशिणींचा. पालघट देवी त्यांनीच काढायची. पण कागद आला, बाजार आला आणि जगभर नाव झालं ते गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं. माणूस थोर, रेघ अशी की कागदावर वारा सुटल्यासारखं वाटावं. त्यांच्याविषयी मनात आदरच आहे. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनीच आनंद मानला. पण ज्या सवाशिणींच्या हातून चौक उतरत आला त्यांच्यातल्या एकीचं तरी नाव तुम्हाला आठवतं का? मलाही आठवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बाईचं असलेलं काम ज्या दिवशी पैसे देऊ लागतं त्या दिवशी ते पुरुषाकडे कसं सरकतं, हे स्वयंपाकापासून शिवणापर्यंत आपण पाहिलेलं आहे.

शिवाय 'सवाशीण' या शब्दापाशीही जरा थांबायला हवं. नवरा गेला की चौकावरचा हातही गेला. परंपरेनं बायकांना कला दिली असं आपण अभिमानानं म्हणतो, तेव्हा ती कुठल्या बायकांना दिली आणि कुठल्या अटीवर, हेही म्हणायला हवं. भिल्लांमध्ये तर पिठोऱ्याचे घोडे काढायचा अधिकार पुरुषांचाच. भूरीबाई ही झाबुआकडची भिल्ल बाई भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजूर होती. जगदीश स्वामीनाथन या चित्रकारांनी तिला तुमच्याकडे भिंतीवर काय काढतात ते काढून दाखव म्हटलं. मजुरी सहा रुपये रोज होती, चित्राचे दहा मिळाले, असं तिनं सांगितलं आहे. बसून काढायचे पैसे मिळतात यावर तिचा विश्वासच बसेना. तिनं पिठोऱ्याचा घोडा काढला नाही. झाडं काढली, मोर, हरणं, माणसं, ठिपक्या ठिपक्यांनी. बंदी होती तिथून बाजूला होऊन तिनं स्वतःची वाट पाडली. तिलाही 2021 सालीच पद्मश्री मिळाली. त्या वर्षी एक धुणंभांडं केलेली आणि एक पाट्या वाहिलेली, अशा दोघी एका यादीत होत्या.

आणि जोधैयाबाई बैगा! ज्या बायका 'आता या वयात काय' असं म्हणतात त्यांना मी तिची गोष्ट आवर्जून सांगते. मध्य प्रदेशातल्या उमरिया जिल्ह्यातलं लोढा गाव. नवरा गेलेला, मोलमजुरी करून, जंगलातून लाकूडफाटा विकून पोरं वाढवलेली. सत्तरीच्या आसपास असताना शांतिनिकेतनात शिकलेले आशीष स्वामी त्या गावात येऊन चित्रांची शाळा चालवू लागले आणि ही बाई तिथं जाऊन बसली. विधवा बाई, हातात कधी ब्रश धरलेला नाही. तिनं वाघ काढले, मोहाचं झाड काढलं, बैगांचे देव काढले. तिची चित्रं इटलीपर्यंत गेली. 2021 साली करोनानं स्वामी गेले. तिला पद्मश्री मिळाली 2023 साली, ते पाहायला तिचा गुरू नव्हता. डिसेंबर 2024मध्ये तीही गेली. वयानं गुरू मुलासारखा, शिष्या आईसारखी. या उलट्या नात्यात मला एक मोकळेपणा दिसतो. म्हाताऱ्या बाईला दटावून शिकवता येत नाही. तिला जे ठाऊक आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं, हे मान्य करूनच शेजारी बसावं लागतं.

याउलट ज्यांच्या घरातच कला होती त्यांचं काय, असा प्रश्न येईल. बंगालमध्ये सुनयनीदेवी ही अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ ठाकुरांची बहीण. भावांना रंगवताना ती बघत राहिली आणि तिशीत तिनं स्वतः ब्रश उचलला. घर ठाकुरांचं, तरीही शिक्षण असं की दारातून बघून. श्रीमंत घरातली बहीण काय आणि रांटीतली मोलकरीण काय, दोघींची पहिली शाळा बघण्याचीच होती. फरक पुढचा. एकीला कागदाची चिंता नव्हती.

तर आमच्या बैठकीकडे परत येते. जी मैत्रीण रागावली होती तिचं एक म्हणणं मला खोडून काढता येत नाही. ती म्हणाली, "चित्रकलेचा वर्ग काढला की देणगीदार खूश होतात. मारहाणीच्या केसला पैसे द्यायला कुणी येत नाही. उद्या हेच आपलं मुख्य काम होऊन बसेल." हे आपण बचतगटांच्या बाबतीत पाहिलं आहे. पापड-लोणच्यांत किती संघटना विरघळून गेल्या! आणि चित्रांच्या बाबतीत तर आणखी एक धोका आहे. एका प्रदर्शनात वस्तीतल्या एका बाईनं काढलेलं जत्रेतल्या पाळण्याचं चित्र एका गिऱ्हाईक बाईंनी हातात घेतलं आणि विचारलं, "यांच्या दुःखाचं काही नाही का?" म्हणजे गरीब बाईनं दुःखच काढायचं. पाळण्यात बसायचा हक्क तिला चित्रातसुद्धा नाही.

तरीही माझं मत वर्गाच्या बाजूनं आहे, आणि ते संपादक म्हणून नोंदवते. समुपदेशनाला येणारी बाई चार बैठकांमध्ये जे बोलत नाही ते हात कामात असताना बोलते, हा आपल्या सगळ्यांचाच अनुभव आहे. पण त्या कारणासाठी मी वर्ग मागत नाही. चित्राला औषध म्हणून खोली मिळणार असेल तर तीही एक प्रकारची नाक सरळ करण्याचीच गोष्ट झाली. बायकांना चित्र शिकायचं आहे, एवढं कारण मला पुरेसं वाटतं. पुरुषाला शिकायचं असतं तेव्हा आपण कारण विचारतो का?

शेवटी ठरलं ते असं. गुरुवारचं समुपदेशन हलवायचं नाही. वर्ग बुधवारी, दुपारी अडीच ते साडेचार, कारण त्या वेळेत घरकामवाल्यांची सकाळची कामं आटपलेली असतात आणि संध्याकाळची सुरू व्हायची असतात. सहा महिने करून बघायचं. शिकवायला जी तरुण मुलगी येणार आहे तिला मानधन द्यायचं. बाईचं काम म्हणून ते फुकट घ्यायचं नाही. तिला एकच गोष्ट सांगितली आहे, की शिकणारीच्या कागदावर आपला ब्रश लावायचा नाही. दाखवायचं असेल तर वेगळ्या कागदावर दाखवायचं. चित्र जिचं तिचं, घरी न्यायचं की फाडायचं ते तिनं ठरवायचं. विकलं तर सगळे पैसे तिचे, आणि खाली तिचं नाव. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आपली खूण करायची. या शेवटच्या मुद्द्यावर एक आजी म्हणाल्या, "खूण नको, नाव शिकवा." म्हणून पहिली पंधरा मिनिटं आता नावाची.

ज्येष्ठ मैत्रिणीचा विरोध कायम आहे. तिनं तो सविस्तर लिहून द्यायचं कबूल केलं आहे, पुढच्या अंकात तो जसाच्या तसा छापू. कागद आणि रंग यांची सोय सहा महिन्यांपुरती झाली आहे. ज्यांच्या माळ्यावर जुन्या पेट्या, अर्धवट वापरलेल्या वह्या, ब्रश पडून असतील त्यांनी बुधवारी आणून द्याव्यात. ब्रश वाळून कडक झाले असले तरी चालतील, गरम पाण्यात साबण घालून रात्रभर ठेवले तर बरेचसे सुटतात. तुमच्या गावात, गटात असा वर्ग असेल तर तो कोण चालवतं, कुणाच्या जागेत, आणि तिथं कोण येत नाही, हे आम्हाला जरूर कळवा.

पहिल्या बुधवारी अकरा जणी आल्या. जिच्या सासूचं नाक मी सरळ केलं होतं तिलाही निरोप धाडला होता. ती आली नाही. दुसऱ्या बुधवारी आली, पण नुसती बसून राहिली. मी तिच्याशेजारी बसून तांब्या आणि दोन कांदे काढत होते. माझा तांब्या वाकडा झाला होता. ती बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "राहू दे तसाच."